वनस्पतींची रासायनिक रोगप्रतिकारशक्ती

श्रोतेहो, नमस्कार.

निसर्गात रोगकारक बुरश्या, जिवाणू आणि विषाणू यांची वाण नाही. तरीही कोणतीही एक वनस्पती घेतली, तर त्यांपैकी फारच थोड्यांना तिच्यावर रोग पाडता येतो. जागचे हलता न येणाऱ्या आणि शरीरभर फिरणाऱ्या संरक्षक पेशी नसलेल्या या सजीवांना हे साधते, ते पुष्कळ अंशी रसायनांच्या बळावर. मात्र रसायन कोणते, यापेक्षा ते किती लवकर हजर होते, यावरच अनेकदा निकाल लागतो.

काही रसायने आधीपासूनच सज्ज असतात. लाल आणि पिवळ्या कांद्याच्या बाहेरच्या वाळक्या पापुद्र्यांत कॅटेकॉल आणि प्रोटोकॅटेच्युइक आम्ल असते. ओलाव्यात ती पापुद्र्यातून झिरपतात आणि कांद्यावर काळे डाग पाडणाऱ्या एका बुरशीचे बीजाणू तिथे रुजू देत नाहीत. पांढऱ्या कांद्यात हा साठा नसल्याने तो या रोगाला सहज बळी पडतो; पण वाळके पापुद्रे सोलून टाकले, तर लाल कांद्याचीही तीच गत होते.

दुसरा प्रकार मला अधिक विलक्षण वाटतो. 1940 मध्ये म्युलर आणि बोर्गर या जर्मन संशोधकांनी बटाट्याला प्रथम करप्याच्या बुरशीच्या अशा प्रकाराची लागण करून पाहिली, की ज्याला तो वाण दाद देत नव्हता. नंतर त्याच जागी रोग पाडू शकणारा प्रकार सोडला, तर त्याचीही वाढ खुंटली. पहिल्या हल्ल्यानंतर पेशींनी एखादे नवे द्रव्य तयार केले असावे, असा तर्क त्यांनी केला आणि अशा द्रव्यांना फायटोअलेक्सिन हे नाव दिले. पुढे 1960 मध्ये क्रुकशँक आणि पेरिन यांनी मटारची शेंग उकलून तिच्या आतल्या बाजूवर बीजाणूयुक्त पाण्याचे थेंब ठेवले, काही काळाने ते गोळा केले आणि त्यांतून पिसाटिन हे फायटोअलेक्सिन शुद्ध स्वरूपात वेगळे काढले. रोगाला बळी पडणारा वाणही अशी द्रव्ये बनवतो, पण बहुधा बुरशी पसरून गेल्यावर!

घुसखोर ओळखताच लागण झालेल्या पेशी हायड्रोजन पेरॉक्साइड सोडतात आणि पुष्कळदा स्वतः मरून रोगाची वाट अडवतात. एका पानावरच्या अशा चकमकीनंतर दूरची पानेही सावध होतात, हे रॉस यांनी 1961 मध्ये तंबाखूवर दाखवले. या सावधगिरीसाठी सॅलिसिलिक आम्ल आवश्यक असते. आपल्या परिचयाची ॲस्पिरिन याच आम्लापासून बनते, आणि तंबाखूच्या पानात ती टोचल्यास विषाणूचा प्रतिकार वाढतो, असे 1979 मध्ये आढळले.

बुरश्याही स्वस्थ बसत नाहीत. मटारवर रोग पाडणाऱ्या एका बुरशीजवळ पिसाटिन निकामी करणारे विकर आहे. मग वनस्पती ही सारी शस्त्रे सदैव परजून का ठेवत नाहीत? कारण त्याची किंमत वाढीतून मोजावी लागते: ज्या उत्परिवर्तित रोपांत सॅलिसिलिक आम्लाची यंत्रणा कायम चालू राहते, ती बरीचशी खुजीच राहतात, आणि त्यामुळे पिकांची प्रतिकारशक्ती वाढवू पाहणाऱ्या पैदासकारांना प्रतिकार नुसता वाढवून भागत नाही, तो गरज पडेल तेव्हाच जागा होईल, हेही पाहावे लागते.