वाचून दाखवलं, समजलं

[दृश्य: सोलापूर, संक्रांतीचे दिवस. सिद्धेश्वर मंदिराजवळचा संमती कट्टा. पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, मानाचे सात नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या.]

जानेवारीतली दुपार. तलावावरून वारा येतोय. मुंगीला पाय ठेवायला जागा नाही, आणि तेवढ्यात गर्दी गप्प होते. कट्ट्यावर संमती वाचायला सुरुवात झालीय. सोलापूरचे संत सिद्धरामेश्वर, त्यांच्यावर मन जडलेली कुंभारकन्या, आणि त्यांच्या योगदंडाशी लागलेलं तिचं लग्न. ही कथा सोलापुरात लहान पोरालाही ठाऊक असते. त्याच लग्नाचा हा अक्षता सोहळा. 'सत्यम् सत्यम्, दिड्डम् दिड्डम्' असा पुकारा होतो आणि हजारो हातांतल्या अक्षता एकदम वर उडतात.

यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. संमती आहे असं इथं कुणी परस्पर धरून चालत नाही. ती मोठ्यानं वाचतात, सगळ्यांच्या कानावर घालतात, आणि मगच अक्षता पडते.

[दृश्य: पूर्व भागातला बोळ. मागांचा खडखडाट. उंबऱ्यात बसून बिड्या वळणाऱ्या बायका, मांडीवर सूप.]

मी या भागात वाढले. भिंतीपलीकडे तेलुगू, समोर कन्नड, मागच्या बोळात दखनी, आणि शाळेत मराठी. आमच्या शेजारी एक तेलुगू बाई राहायची. आम्ही पोरं तिला अत्ता, म्हणजे आत्या, म्हणायचो. पोस्टमननं काही टाकलं की ती मला हाक मारायची, "बिड्डा, चदिवि चेप्पु." पोरी, वाचून सांग.

मी सातवीत असताना तिला एका कार्यालयाचं पत्र आलं. घराच्या यादीत तिचं नाव होतं, त्याबद्दलचं. त्यातलं एक वाक्य मला आजही पाठ आहे. "सदर प्रकरणी मूळ कागदपत्रांसह विहित मुदतीत समक्ष उपस्थित राहावे, अन्यथा आपले काहीएक म्हणणे नाही असे गृहीत धरून पुढील कार्यवाही करण्यात येईल."

मी ते न अडखळता वाचलं, वर्गात शाबासकी मिळावी तसं. 'विहित' म्हणजे काय, 'समक्ष' म्हणजे काय, मला माहीत नव्हतं. अत्तानं विचारलं, "एम् रासिंड्रु?" काय लिहिलंय? मी म्हटलं, "कागदं मागितलीत. काही घाई नाही."

घाई नाही, हे पत्रात कुठंच नव्हतं. ते मी घातलं. तिचा चेहरा उतरला होता, आणि मला तिला धीर द्यायचा होता. पत्र ट्रंकेत गेलं. मुदत टळली. यादीतून नाव गेलं.

बिडीचं काम हजारावर चालतं, वळाल तेवढे पैसे. कचेरीच्या बाकावर गेलेला दिवस म्हणजे बुडालेली मजुरी. ते नाव परत चढवून घ्यायला अत्ताला दीड वर्ष खेटे घालावे लागले. ती मला एका शब्दानं बोलली नाही. पण मला कळलं नाही हे झाकलं, आणि जे नव्हतं ते गोड करून सांगितलं, या दोन्ही गोष्टी मी केल्या होत्या. कुणाचं बरं चिंतूनही माणूस त्याचं नुकसान करू शकतो, हे मला तेव्हा कळलं.

[दृश्य: पत्राचा कागद. कॅमेरा एकेका शब्दावरून सरकतो.]

आता त्या पत्राकडेही बघू. लिहिणाऱ्यानं खोटं काहीच लिहिलं नव्हतं. व्याकरण चोख होतं. पण तेच असं लिहिता आलं असतं: "तुमच्या घराच्या अर्जाची तपासणी आहे. १५ तारखेच्या आत तुम्ही स्वतः या. येताना रेशनकार्ड आणि ओळखपत्र आणा, झेरॉक्स चालणार नाही. आला नाहीत तर आम्ही तुमचं नाव यादीतून काढू." हे सातवीतल्या पोरीनं वाचलं असतं तरी अत्ताला कळलं असतं, आणि ती दुसऱ्या दिवशीच निघाली असती.

'आम्ही काढू' आणि 'कार्यवाही करण्यात येईल' यांतला फरक मला फार मोठा वाटतो. कर्ता सहज गायब करता येतो आपल्या भाषेत. काच फुटली. फाईल गहाळ झाली. नाव कमी करण्यात आले. कुणी केलं? वाक्य त्याबद्दल काही सांगत नाही. कधीकधी ते माहीतच नसतं, तेव्हा ठीक. पण माहीत असून तसं लिहिलं, की समोरच्याला दाद मागायलाही माणूस उरत नाही. आणि "आपले काहीएक म्हणणे नाही असे गृहीत धरून" हे तर वाचताना अजूनही पोटात कालवतं. अत्ताचं म्हणणं होतं. तिला कुणी विचारलंय, हेच तिला कळलं नव्हतं.

[दृश्य: कचेरीबाहेरचं झाड. त्याखाली टेबल, त्यावर जुना टाइपरायटर. अर्ज लिहून देणारे एक वयस्क काका.]

हे काका कित्येक वर्षं इथं अर्ज लिहून देतात. समोर एक आजी बसल्यात. सोबत पुतण्या.

आजी सांगतात, "त्यानं माझी जमीन गिळली, बाबा."

काका कळांवर बोट ठेवत नाहीत. विचारतात, "गिळली म्हंजे? नावावर करून घेतली, का बांध सरकवला?"

"बांध सरकवला."

"किती?"

"दोन हात असंल."

"मोजणी झालीय का?"

"नाय."

मग ते टाइप करतात: अंदाजे दोन हात. 'अंदाजे' हा शब्द त्यांचा, आणि तो त्यांनी आजींना सांगून घातला. एवढ्यात पुतण्या म्हणतो, "काका, जीवे मारायची धमकी दिली म्हणून बी लिवा की. त्याबिगर कोण लक्ष देतंय?" काका आजींकडे वळतात. "आजी, दिली का वो धमकी?" आजी थोडा वेळ गप्प राहतात. "शिव्या दिल्या. मारतो असं नाय म्हनला." "मग शिव्याच लिहू."

मला हा क्षण पुन्हा पुन्हा बघावासा वाटतो. त्या माणसाच्या हातात दुसऱ्याचा आवाज आहे. तो वाढवला असता तर अर्ज जोरकस झाला असता, पुतण्या खूश झाला असता. पण उद्या चौकशीत आजींना उभं राहायचंय. एक वाक्य खोटं निघालं की सरकवलेला बांधही खोटा ठरतो.

शेवटी काका कागद बाहेर काढतात आणि सगळा अर्ज सावकाश वाचून दाखवतात. मध्येच आजी बोट वर करतात. "पुरवेचा नाय, पच्चिमेचा बांध." दुरुस्ती होते. त्यानंतरच अंगठा.

[दृश्य: शाईचा अंगठा. त्याखालची ओळ: 'मला वाचून दाखवले, ते माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर व खरे आहे.']

ही ओळ सगळ्यांनी पाहिलेली असते, बहुतेक न वाचता. तिच्यामागे कायदा उभा आहे. पोलीस ठाण्यात कुणी दखलपात्र गुन्ह्याची तोंडी खबर दिली, तर ती लिहून घेऊन त्या माणसाला वाचून दाखवावी लागते आणि तिची प्रत फुकट द्यावी लागते. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यात आहे की ज्याला लिहिता येत नाही त्यानं तोंडी सांगावं, आणि ते कागदावर उतरवायला माहिती अधिकाऱ्यानं मदत करावी. संविधानाचा अनुच्छेद ३५० तर म्हणतो की तक्रारीचं निवेदन संघात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत देता येतं. आमच्या बोळातल्या तेलुगूलाही त्यात जागा आहे. हे कुणीतरी अत्ताला त्या वेळी सांगायला हवं होतं.

[दृश्य: दवाखान्याची खोली. परिचारिका, आणि खाटेवर एक म्हातारे गृहस्थ.]

"समजलं का?" या प्रश्नाला आपल्याकडे एकच उत्तर असतं: हो. डॉक्टर विचारोत, मास्तर विचारोत, साहेब विचारोत. 'नाही' म्हणायला माणसाला लाज वाटते, मलाही वाटली होती. तेलुगूत 'अर्थमयिंदा?' विचारा, कन्नडात 'तिळीतेनु?' विचारा, मान तशीच हलते.

ही परिचारिका तसं विचारत नाही. गोळ्यांची पाकिटं म्हाताऱ्यांच्या हातात देते आणि म्हणते, "मामा, घरी गेल्यावर सूनबाई विचारतील. काय सांगाल त्यांना?" मामा सांगू लागतात, "ही सकाळी, ही राती..." आणि तिसऱ्या पाकिटाशी अडतात. "ही दुखलं की खायची?" नाही, ती रोज जेवल्यावर घ्यायची आहे. चूक तिथंच कळते, घरी जाऊन नाही. सगळं मिळून दोन मिनिटं लागली. "सांगण्यात मी कमी पडले," असं म्हणून ती पुन्हा सांगते. मामांना ओशाळं व्हावं लागत नाही.

[दृश्य: चार हुतात्मा चौक, संध्याकाळ. चार पुतळे. खाली मोबाईलमध्ये डोकं घातलेली पोरं.]

१२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेले सोलापूरचे हे चौघं: मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. कुर्बान हुसेन 'गझनफर' नावाचं वृत्तपत्र चालवायचे. छापलेल्या शब्दाखाली आपलं नाव असणं, आणि त्याची किंमत मोजायची तयारी असणं, हे या चौकातून जाताना आठवावं असं मला वाटतं. विशेषतः मोबाईलवर आलेलं काही, कुठून आलं ते न बघता, पुढं ढकलताना.

[दृश्य: पुन्हा पूर्व भाग. संध्याकाळ. अत्ताचा उंबरा.]

सिद्धरामेश्वरांनी लोकांच्या रोजच्या बोलीत, कन्नडात जे रचलं, त्यालाही 'वचन'च म्हणतात. मराठीत आपण वचन देतो, तेव्हा शब्द पाळण्याची हमी देतो. एकाच शब्दात बोलणंही आहे आणि बांधून घेणंही.

अत्ता आता थकलीय. बिड्या वळत नाही. काल तिनं मला बोलावलं, बँकेचं पत्र आलं होतं.

"बिड्डा, चदिवि चेप्पु."

मी वाचलं. एका ओळीशी थांबले. म्हटलं, "अत्ता, हे मला कळलं नाही. उद्या बँकेत विचारून सांगते."

तिनं पत्र माझ्या हातून घेतलं, उलट-सुलट करून पाहिलं आणि परत माझ्याकडे दिलं. "मळ्ळी चदुवु," म्हणाली. पुन्हा वाच. मी पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.