जुबिलीचा आवाज

श्रोतेहो, नमस्कार.

कॅनडातील टोरंटो शहरात ९ नोव्हेंबर १९७३ रोजी जन्मलेल्या अ‍ॅलिसन कोर्ट या अभिनेत्रीची गोष्ट आज मला तुम्हाला सांगायची आहे. पडद्यावर त्या लहानपणीच आल्या, मोठेपणीही कित्येक वर्षे मुलांना दूरचित्रवाणीवर दिसत राहिल्या, पण त्यांचे नाव लोकांच्या मनात राहिले ते मुख्यतः आवाजामुळे. या आवाजाच्या कामात वयाच्या पन्नाशीला त्यांनी जे केले, ते मला फार मोलाचे वाटते, आणि आजचे बोलणे मुख्यतः त्या एका प्रसंगासाठीच आहे. मात्र त्याचे मोल कळण्यासाठी आधीची थोडी वाट चालून जावी लागेल.

१९८५ साली ‘सेसमी स्ट्रीट’ या मुलांच्या प्रसिद्ध कार्यक्रमावरचा पहिला चित्रपट आला. त्याचे चित्रीकरण टोरंटोच्या परिसरात झाले होते. त्या चित्रपटात आठ फूट दोन इंच उंचीचा पिवळा बिग बर्ड भटकत भटकत एका शेतावर येतो आणि तिथे त्याला दोन मुले भेटतात. त्यातली रूथी म्हणजे आपली अ‍ॅलिसन. चित्रपट लागला तेव्हा तिला बारावे वर्ष चालू होते. आता हे दृश्य नीट डोळ्यांसमोर आणा. त्या पक्ष्याच्या आत कॅरोल स्पिनी नावाचे कलाकार उभे असत, त्यांचा उजवा हात डोक्यावर ताठ उचललेला असे आणि त्या हाताच्या तळव्याने ते पक्ष्याची चोच हलवीत. बाहेरचे काहीच दिसत नसल्यामुळे छातीवर बांधलेल्या छोट्याशा पडद्यावर ते स्वतःलाच पाहत असत. मुलीने बोलायचे ते वरच्या डोळ्यांकडे पाहून, आणि उत्तर येणार ते खाली पिसांच्या आतून. चेहरा एका जागी आणि आवाज दुसऱ्या जागी, हा अनुभव त्या मुलीला इतक्या लहान वयात मिळाला. चेहरा एका जागी, आवाज दुसऱ्या जागी. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे ती पुन्हा येणार आहे.

टोरंटो हे आवाजाचे गाव आहे, आणि त्याचे श्रेय नभोवाणीला द्यायला हवे. कॅनडाच्या सार्वजनिक नभोवाणीने, म्हणजे सीबीसीने, दीर्घकाळ नभोनाट्ये केली आणि त्यातून या शहरात आवाजाने अभिनय करणारी एक पिढीच उभी राहिली. म्हणूनच १९६४ साली अमेरिकेत नाताळसाठी ‘रुडॉल्फ’ या लाल नाकाच्या सांबराचा बाहुलीपट बनला, तेव्हा त्याचे बहुतेक आवाज टोरंटोत मुद्रित झाले आणि बाहुल्या हलवण्याचे काम जपानमध्ये झाले. रुडॉल्फचा कोवळा, मुलगा वाटणारा आवाज बिली मे रिचर्ड्स या चाळिशी ओलांडलेल्या कॅनेडियन अभिनेत्रीचा होता. श्रेयनामावलीत मात्र त्यांचे नाव पुरुषाचे वाटावे अशा रीतीने छापले गेले. मला याचे वाईट वाटते. आपल्याकडे नभोनाट्य संपल्यावर सहभागी कलाकारांची नावे एकेक करून, सावकाश वाचली जात. ती पद्धत जिथे जिथे बंद पडली असेल तिथे ती पुन्हा सुरू व्हावी, असे माझे ठाम मत आहे. ज्याचा चेहरा दिसत नाही त्याचे निदान नाव तरी ऐकू यावे.

अ‍ॅलिसन कोर्ट याच परंपरेत आल्या. १९८९ साली टोरंटोच्या नेल्वाना स्टुडिओची ‘बीटलज्यूस’ ही अ‍ॅनिमेशन मालिका सुरू झाली. तिच्यातल्या लिडिया या काळे कपडे घालणाऱ्या, भुताशी मैत्री करणाऱ्या शाळकरी मुलीला त्यांनी आवाज दिला. तेव्हा त्या स्वतः पंधरा वर्षांच्या होत्या. समोर भुताचा आवाज होता स्टीफन विमेट यांचा, जे रंगभूमीवरचे मुरलेले नट. अशा नटासमोर माइकपाशी उभे राहणे हीच एक शाळा असते.

त्यानंतर १९९२ उजाडले. त्या सुमारास कोर्ट यांनी दोन कामे एकाच वेळी हाती घेतली. पहिले काम ‘द बिग कम्फी काउच’ या बालकार्यक्रमातल्या लूनेट या विदूषक मुलीचे. एक प्रचंड मोठा सोफा, त्यावर लूनेट आणि मॉली नावाची तिची बाहुली. लूनेट जमिनीवर अंथरलेल्या घड्याळाच्या आकाराच्या गालिच्यावर बसून, पाय फाकवून, एकेका आकड्याकडे वाकत व्यायाम करी आणि शेवटी खोलीत झालेला सगळा पसारा दहा सेकंदांत आवरून टाकी. या कामात सर्वांग राबत होते. त्याच काळातले दुसरे काम ‘एक्स-मेन’ या अ‍ॅनिमेशन मालिकेतल्या जुबिली या किशोरवयीन मुलीचे, आणि त्यात अंगाचा एकही भाग दिसणार नव्हता. एकीकडे संपूर्ण शरीर, दुसरीकडे फक्त आवाज. ही दोन्ही टोके एकाच वेळी सांभाळणारी कलावती किती कष्टाची असेल, याचा अंदाज तुम्हाला सहज येईल.

आता त्या ध्वनिमुद्रणाच्या खोलीविषयी दोन शब्द. डबिंगमध्ये चित्र आधी असते आणि ओठांना जुळवून आवाज दिला जातो, हे तुम्हाला माहीत आहे. इथे नेमके उलटे होते. आवाज आधी, चित्र नंतर. नट काचेच्या आत उभा असतो, समोरच्या स्टँडवर संहिता असते, आणि काचेपलीकडे आवाजाचे दिग्दर्शन करणारी व्यक्ती बटण दाबून सूचना देत असते. नटाला काहीच दिसत नाही, म्हणून सगळे त्या व्यक्तीने सांगायचे असते: समोरचा माणूस दोन हातांवर आहे की रस्त्यापलीकडे, तू पळत आली आहेस की नुकतीच उठली आहेस. एकच वाक्य लागोपाठ तीन प्रकारे म्हणवून घेतले जाते. किंकाळ्या, धापा आणि मार लागल्याचे आवाज शेवटी घेतात, कारण त्याने घसा बसतो. कपडे सळसळणारे नकोत, आणि तोंड कोरडे पडून शब्दांमागे चिकट आवाज येऊ लागला तर हिरव्या सफरचंदाची फोड खायला देतात. ‘एक्स-मेन’चे हे दिग्दर्शन डॅन हेनेसी यांनी केले. ते स्वतः नट होते. ‘इन्स्पेक्टर गॅजेट’ या कार्टून मालिकेतल्या चीफ क्विम्बीचा आवाज त्यांचाच. नटाने नटाचे ऐकावे, अशी ती जोडी होती. आवाज टोरंटोत मुद्रित झाले आणि चित्रे दक्षिण कोरियात काढली गेली. आवाज आधी, चित्र नंतर.

जाता जाता एक गोष्ट सांगतो. मुलांसाठी आवाज देताना मोठी माणसे उगाच पट्टी चढवून किरकिऱ्या स्वरात बोलतात, ते मला मुळीच रुचत नाही. लहानपण पट्टीत नसते, ते श्वासात असते. मूल वाक्याच्या मध्येच श्वास घेते, कारण त्याला पुढचे सांगण्याची घाई असते. जुबिलीच्या बोलण्यात ही घाई होती, आणि म्हणूनच ती खरी वाटे.

आता मुख्य प्रसंगाकडे येतो.

३१ ऑक्टोबर १९९२ रोजी ‘एक्स-मेन’चा पहिला भाग अमेरिकेत प्रसारित झाला. विलक्षण शक्ती घेऊन जन्मलेल्या माणसांची ही गोष्ट आहे, आणि जग त्यांना घाबरते. प्रेक्षक या जगात शिरतो तो जुबिलीचा हात धरून. पिवळा झगमगीत कोट, गुलाबी चष्मा, आणि बोटांतून फुलबाज्यांसारख्या ठिणग्या. तिला सांभाळणारे पालक तिच्या या शक्तीने भेदरलेले आहेत. ती मॉलमधल्या व्हिडिओ गेमच्या दालनात खेळायला जाते, तिथे तिच्या हातून यंत्र फुटते, आणि तिला पकडायला आलेला अवाढव्य यंत्रमानव तिच्यासमोर उभा राहतो. व्हिडिओ गेमचे दालन लक्षात ठेवा. आणि आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. हा भाग प्रसारित झाला तेव्हा अ‍ॅलिसन कोर्ट अठरा वर्षांच्या होत्या, एकोणिसावा वाढदिवस नऊ दिवसांवर होता.

मालिका ७६ भाग चालून १९९७ साली संपली. कोर्ट यांनी पुढे व्हिडिओ गेममध्येही नाव कमावले. १९९८ च्या ‘रेसिडेंट ईव्हिल २’मधल्या क्लेअर रेडफील्डचा आवाज त्यांचाच. तो भाग मी इथे भराभर ओलांडतो.

मालिका बंद होऊन चोवीस वर्षे झाली, आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये घोषणा झाली की ती ‘एक्स-मेन ’९७’ या नावाने, जिथे थांबली होती तिथूनच, पुन्हा सुरू होणार आहे. जुने कलाकार परत येणार होते. वुल्व्हरिन या व्यक्तिरेखेला आवाज देणारे कॅथल डॉड, स्टॉर्मच्या अ‍ॅलिसन सीली-स्मिथ, बीस्टचे जॉर्ज ब्युझा हे आले. ‘रोग’ नावाच्या नायिकेला आवाज देणाऱ्या लेनोर झान मधल्या काळात नोव्हा स्कोशियाच्या विधानसभेत आणि नंतर कॅनडाच्या संसदेत निवडून गेल्या होत्या, त्याही आल्या. मग जुबिली? जुबिलीचे पूर्ण नाव जुबिलेशन ली. ती चिनी वंशाची अमेरिकन मुलगी आहे. १९९२ साली तिला गोऱ्या मुलीचा आवाज मिळाला, तेव्हा त्याची फारशी चर्चा झाली नाही. पण काळ बदलला होता. ‘सिम्पसन्स’ या अमेरिकन कार्टून मालिकेतल्या अपू या भारतीय दुकानदाराचा आवाज अनेक वर्षे काढणाऱ्या हँक अझारिया यांनी २०२० साली ते काम सोडल्याचे जाहीर केले होते. त्या हेल काढलेल्या इंग्रजीवरून परदेशात वाढणाऱ्या आपल्याच मुलांना शाळेत चिडवले जाई, त्यामुळे हा प्रश्न आपल्यालाही परका नाही.

अ‍ॅलिसन कोर्ट यांनी जुबिलीची जागा सोडली. जुबिली आशियाई वंशाची आहे, तर तिचा आवाजही तशाच अभिनेत्रीचा असावा, या भूमिकेतून सोडली. श्रोतेहो, हे सोपे नव्हते. ज्या आवाजाने लोक तुम्हाला ओळखतात, ज्यासाठी अनोळखी माणसे तुमची सही मागतात, तो घशात शाबूत असताना दुसऱ्याच्या स्वाधीन करायचा. आपल्या घराण्यांतले जुने गवई शिष्याला पुढे बसवून स्वतः मागे तंबोऱ्यावर बसत, तेव्हा त्यांच्या मनात काय चालत असेल, ते मला या प्रसंगी आठवते. जुबिलीचे काम हॉली चाऊ या अभिनेत्रीकडे गेले. नव्या मालिकेत आवाजांची निवड आणि दिग्दर्शन मेरेडिथ लेन यांनी केले.

आणि मग ३ एप्रिल २०२४ रोजी चौथा भाग आला. त्या भागात जुबिलीचा वाढदिवस आहे. कितवा? अठरावा. तिला व्हिडिओ गेमच्या दालनात जाऊन तो साजरा करायचा आहे. वडीलधाऱ्यांनी त्याला नकार दिला आहे. ती खोलीत रुसून बसलेली असताना तिला आणि रोबर्टो या तिच्या मित्राला मोजो नावाचा दुष्ट एका व्हिडिओ गेमच्या आत ओढून घेतो. त्या खेळात काय आहे? त्यात आहेत जुन्या मालिकेतले पराक्रम, नव्वदच्या दशकातल्या खेळांसारख्या ठोकळेबाज चित्रांत. जुबिलीला आनंद होतो. जुने दिवस परत आले! पण तिथे तिला एक प्रौढ स्त्री भेटते. तिचे नाव अ‍ॅब्सिसा. गणितात आलेखावरच्या बिंदूच्या एक्स निर्देशकाला हेच नाव आहे. ही स्त्री म्हणजे जुबिलीच आहे. खेळाची चाचणी घेण्यासाठी बनवलेली जुबिलीची प्रत, जी त्या आतल्या जगात कितीतरी वर्षे काढून वयाने मोठी झाली. आणि अ‍ॅब्सिसाचा आवाज आहे अ‍ॅलिसन कोर्ट यांचा.

पुन्हा सांगतो. अठरा वर्षांच्या जुबिलीशी वयाने मोठी झालेली जुबिली बोलते. लहान जुबिलीचा आवाज नव्या अभिनेत्रीचा, आणि मोठीचा आवाज जुन्या अभिनेत्रीचा. जिने अठराव्या वर्षी हे काम केले, ती आज पन्नाशीत असून अठरा वर्षांच्या मुलीला समजावते आहे, की जुन्या दिवसांत रमून चालणार नाही, तुझे आयुष्य पुढे आहे. आवाज खोल गेला आहे, शब्दांमधली घाई ओसरली आहे, पण वाक्याच्या शेवटी स्वर किंचित वर जातो तो तसाच आहे. तो स्वर मी ओळखला आणि ते दृश्य थांबवून काही वेळ नुसता बसून राहिलो. चेहरा एका जागी, आवाज दुसऱ्या जागी, हे मी सुरुवातीला म्हणालो होतो. इथे तर एकच व्यक्तिरेखा दोन चेहऱ्यांची आणि दोन आवाजांची झाली होती, आणि तरीही ती फाटलेली वाटत नव्हती. लेखकांनी हे लिहिले, दिग्दर्शिकेने ते करवून घेतले, हे खरेच. पण कोर्ट यांनी आधी जागा रिकामी केली नसती, तर हे दृश्य लिहिताच आले नसते.

शेवटी मोजोच्या तावडीतून सुटका होते. जुबिली आणि रोबर्टो बाहेर येतात, आपल्या माणसांत. अ‍ॅब्सिसा त्या खेळातच बनलेली असल्यामुळे तिला बाहेर येता येत नाही. ती निरोप देते आणि मागे राहते.

तुमच्या घरात कोणाकडे ही मालिका असेल, तर एक करून पाहा. ते दृश्य आले की पडद्याकडे पाठ फिरवा, डोळे मिटा आणि नुसते ऐका. पहिला आवाज येईल तो हॉली चाऊ यांचा असेल, आणि तिला उत्तर देणारा आवाज अ‍ॅलिसन कोर्ट यांचा.

नमस्कार.