मुंबईतून ऑरोरा दिसेल का? केपी सोडा, डीएसटी बघा

केपी म्हणजे सौर वादळानं पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र किती ढवळलं ते सांगणारा आकडा. फोनवर 'केपी ९' असा अलर्ट आला की 'आज रात्री मरीन ड्राइव्हवरून ऑरोरा', म्हणजे ध्रुवाकडच्या आकाशात दिसणारा रंगीत उजेड, असे मेसेज फिरायला लागतात. पण केपीची पट्टी ९ लाच संपते. वादळ त्याहून कितीही तगडं असो, आकडा ९ च. आपण बघायचा तो डीएसटी, म्हणजे वादळात विषुववृत्ताजवळचं पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र किती नॅनोटेस्लांनी घसरलं तो आकडा. मे २०२४ मध्ये तो उणे ४०० च्या खाली उतरला, तेव्हा लडाखमधल्या हानलेच्या कॅमेऱ्यांनी क्षितिजालगत लाल उजेड टिपला.

लालच का? हिरवा उजेड साधारण १०० ते १५० किलोमीटरवर होतो, लांबून बघताना तो क्षितिजाखालीच राहतो. लाल २०० च्या वर. ऑक्सिजनच्या अणूला तो सोडायला जवळजवळ दोन मिनिटं लागतात. खालच्या दाट हवेत त्याआधीच दुसऱ्या कणाची धडक बसते आणि ऊर्जा तिथंच जिरते.

आता हिशेब. ४०० किलोमीटर उंचीवरचा उजेड फार तर २,२०० किलोमीटरवरून दिसतो, तोही अगदी क्षितिजाला टेकलेला. म्हणजे आपल्याला दिसायला तो जवळपास चीनमधल्या काशगरपर्यंत खाली यायला हवा. ४ फेब्रुवारी १८७२ च्या रात्री मुंबईतून ऑरोरा दिसल्याची बातमी तेव्हाच्या वृत्तपत्रात आहे. १८५९ च्या कॅरिंग्टन या प्रचंड सौर वादळात कुलाब्याच्या वेधशाळेत चुंबकीय क्षेत्र सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी घसरलं, पण इथं तेव्हा लख्ख दिवस होता. काय नशीब!

डीएसटी घसरण्याआधीची खूण म्हणजे 'बीझेड', सूर्याकडून येणाऱ्या कणांच्या वाऱ्यातल्या चुंबकीय क्षेत्राचा उत्तर-दक्षिण भाग. तो दक्षिणेकडे वळला की उणे. पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवरचे उपग्रह तो मोजतात. हा सौर वारा सेकंदाला ८०० किलोमीटरचा असेल तर हातात अर्धा तास मिळतो. बीझेड क्षणभर उणे झाला म्हणून धावू नका. उणे २०, ३० नॅनोटेस्लांवर तासन्‌तास टिकला तर बघा.

हानलेला असाल तर ट्रायपॉड, एफ २.८, आयएसओ ३२००, १५ सेकंद. फोकस मॅन्युअल, एखाद्या ठळक ताऱ्यावर. ऑटोफोकस अंधारात भरकटतो. फाइल रॉ. तोंड उत्तरेला.

कुलाब्यातून उत्तरेला बघाल तर समोर अख्ख्या शहराचे दिवे. ढगावर पडलेला त्यांचा उजेड फोनच्या नाइट मोडमध्ये हमखास तांबूस येतो. म्हणून आधी व्हाइट बॅलन्स ४,००० केल्विनवर लॉक करा आणि दहा मिनिटांनी दुसरा फोटो काढा. तांबूसपणा ढगाबरोबर सरकला, तर तो ऑरोरा नाही.