टायमिंग पावलांतलं

नमस्कार श्रोतेहो.

सेलिब्रिटींच्या नाचाच्या स्पर्धेत एखादा विनोदवीर आला, की आपण आधीच ठरवून टाकतो: हा चार आठवडे हसवणार आणि घरी जाणार. मला हे मनापासून खटकतं. ज्याचं पोटच टायमिंगवर चालतं, त्याला ताल कळणार नाही असं आपण का धरून चालतो? तमाशातला सोंगाड्या आठवा. ढोलकीची थाप पडते आणि नेमक्या त्या फटीत तो बोलतो. जरा मागेपुढे झालं, तर हशा गेलाच म्हणून समजा.

आपल्याकडे २०१२ साली भारती सिंग ‘झलक दिखला जा’मध्ये नाचली, २०१७ साली सिद्धार्थ जाधव पत्नीबरोबर ‘नच बलिये’त उतरला. ‘झलक’ ज्या कार्यक्रमावर बेतलाय, तो बीबीसीचा ‘स्ट्रिक्टली कम डान्सिंग’. तिथे २०२० साली बिल बेली हे विनोदवीर जिंकले, वयाच्या ५५व्या वर्षी.

पण आज मला सांगायचंय ते क्रिस मॅकॉसलँड यांच्याबद्दल. हे लिव्हरपूलचे विनोदवीर. डोळ्यांच्या आनुवंशिक आजारानं विशीतच त्यांची दृष्टी गेली. २०२४ साली ते या स्पर्धेत उतरले, तिथले पहिले अंध स्पर्धक म्हणून. आता विचार करा, नाच आपण शिकतो कसा? समोरच्याचं बघून. इथे बघणंच नाही. जोडीदार डायॅन बझवेल यांनी प्रत्येक हालचाल शब्दांत सांगायची, हाताला धरून दाखवायची, आणि क्रिस यांनी ती अंगात मुरवायची. डिसेंबरमध्ये ही जोडी जिंकली. अंतिम फेरीत परीक्षकांचे गुण नुसते मार्गदर्शनापुरते असतात, निकाल लागतो प्रेक्षकांच्या मतांवर. म्हणजे हा कौल लोकांचा होता, आणि तो दयेपोटी दिलेला नव्हता, असं मी ठामपणे म्हणेन. त्यांचा वॉल्ट्झ, म्हणजे जोडीनं गोल फिरत करायचा नाच, बघा; हात कुठे हवा तिथेच जातो.

त्यांचा एक नाच मात्र मी विसरूच शकत नाही. मध्येच क्रिस डायॅनच्या डोळ्यांवर हात ठेवतात आणि स्टुडिओतले सगळे दिवे जातात. टीव्हीचा पडदा काळाभोर. घरोघरी लोक बसलेत, दिसत काहीच नाही, कानावर फक्त गाणं. श्रोतेहो, आत्ता माझा आवाज तुमच्यापर्यंत पोचतोय ना, अगदी तसंच. मग दिवे लागतात, आणि नाच पुढे सुरू होतो.