एलईडी बल्बच्या बॉक्सवर सीआरआय ८० आहे, मग मरून साडी विटकरी का दिसते?

नमस्कार मंडळी! सीआरआयवर बोला, सीआरआयवर बोला, असं कमेंट्समध्ये कधीपासून चाललंय. आज तेवढंच बोलू.

पटकन उजळणी. वॅट म्हणजे दिवा वीज किती खातो, ल्युमेन म्हणजे उजेड किती, केल्विन म्हणजे उजेड पिवळसर की निळसर. आणि त्या उजेडात रंग किती खरे दिसतात, ते सीआरआय, म्हणजे कलर रेंडरिंग इंडेक्स. जुन्या तारेच्या बल्बला जवळपास १००, घरातल्या साध्या एलईडीला साधारण ८०.

आता खरी गोम. हा आकडा आठ रंगांची सरासरी आहे, आणि ते आठही रंग फिकट. गडद लाल त्यात नाहीच! तो नववा, आर-नाइन, वेगळा मोजतात. पांढरा एलईडी म्हणजे बहुतेक वेळा निळी चिप आणि वर पिवळा फॉस्फर, म्हणजे निळ्या उजेडाचा काही भाग पिवळा करणारा लेप, त्यामुळे लाल उजेडात तो तोकडा पडतो. म्हणजे पोरगं ज्या विषयात कच्चं, नेमका तोच पेपर निकालात धरलेला नाही. बॉक्सवर ८० असताना आर-नाइन शून्याच्या आसपास असू शकतो. उणेसुद्धा!

मावशीबरोबर पैठणी घ्यायला गेलो होतो. दुकानात झगझगीत पांढरे दिवे. साडी मरून, पण दिसत होती विटकरी. मावशीने घडी उचलली आणि सरळ दारात जाऊन उन्हात धरली. हिरवा काठ आत-बाहेर सारखाच, लाल मात्र उन्हात एकदम उठून आला. दुकानदार म्हणतात, "ताई, सगळेच बाहेर नेऊन बघतात." अहो, सगळेच नेतात तर दिवे बदला ना! पंधरा-वीस हजारांची साडी विकताय!

यावर हमखास येणारी कमेंट: "दादा, ६५०० केल्विनचा पांढरा लावला की रंग खरे दिसतात." नाही हो. केल्विन वेगळा, सीआरआय वेगळा. सीआरआय काढताना दिव्याची तुलना त्याच केल्विनच्या आदर्श उजेडाशी करतात. त्यामुळे २७०० चा पिवळसर दिवा ९५ असू शकतो आणि ६५०० चा पांढराशुभ्र ७०.

माझा राग कंपन्यांवर आहे. आर-नाइन त्यांच्याकडे मोजलेला असतो, बॉक्सवर सहसा छापत नाहीत. युरोपात सप्टेंबर २०२१ पासून दिव्यांच्या लेबलवर क्यूआर कोड असतो. स्कॅन केला की माहितीपत्रक उघडतं आणि त्यात एलईडीचा आर-नाइन लिहिलेला असतो. अमेरिकेत २०१५ साली टीएम-३० नावाची पद्धत आली. त्यात ९९ रंग तपासतात आणि एक गोल आकृती मिळते: कुठला रंग फिका पडतोय, कुठला भडक होतोय, बघताक्षणी कळतं. ग्राहकाला हेच हवंय. आकडा एकटा काय सांगणार?

तोवर घरी हे करा. आधी एकच बल्ब आणा. रात्री त्याच्याखाली तळहात धरा, शेजारी कुंकवाची डबी ठेवा. तळवा राखाडी आणि कुंकू मळकट दिसलं, तर लाल कमी आहे. तो दिवा जिन्यात लावा. आरसा, कपाट आणि ओटा या तीन जागांसाठी मात्र सीआरआय ९० आणि आर-नाइन ५० च्या वर, असंच मागा. दुकानदाराला आर-नाइन माहीत नसेल, तर कंपनीची डेटाशीट मागवायला सांगा.