मॅक्स नावाचं मांजर

ब्रिस्टल, इंग्लंड. मे १९९०. सूक्ष्मदर्शकाखाली आहे मॅक्स नावाच्या सयामी मांजराच्या मेंदूचा पातळ काप. जिथे सलग पेशी हव्यात, तिथे भोकंच भोकं. हा मेंदू गाईचा असता तर कुणाला नवल वाटलं नसतं. मॅड काऊ या मेंदूच्या रोगानं तेव्हा ब्रिटनमधल्या हजारो गाई लटपटत कोसळत होत्या. पण हे मांजर होतं!

आदल्याच वर्षी सरकारी समितीनं निर्वाळा दिला होता : रोग बहुधा गाईपाशीच थांबेल. भरवसा मेंढ्यांवर होता. त्यांचा स्क्रेपी हा असाच आजार दोनशेहून जास्त वर्षं चालत आलेला, माणसाला कधी बाधलेला नाही.

मॅक्सची बातमी फुटली आणि त्याच महिन्यात कृषिमंत्री जॉन गमर यांनी कॅमेऱ्यांसमोर आपल्या चिमुरड्या मुलीपुढे गोमांसाचा बर्गर धरला. लोकांना धीर द्यायला म्हणे.

रोगाचं मूळ प्रायॉन. ना जिवाणू, ना विषाणू. शरीरातलंच एक प्रथिन, घडी चुकलेलं. ते शेजारच्या प्रथिनालाही त्याच चुकीच्या घडीत ओढतं. शिजवून ते मरत नाही, कारण मुळात जिवंतच नसतं. कत्तलखान्यातल्या टाकाऊ मांसाहाडांची पूड गाईंच्या खुराकात जायची. मांजरांच्या डबाबंद खाण्यातही गाईचं मांस असायचं. प्राणिसंग्रहालयांत चित्ते आणि प्यूमा तर कच्चे सांगाडेच फोडत, पाठीच्या कण्यासकट. तेही आजारी पडले.

मांजर आधी बुजतं किंवा विनाकारण अंगावर येतं. मग उडीचा अंदाज चुकतो, मागचे पाय लडखडतात, लाळ गळते. उपचार नाही. ब्रिटनमध्ये अशी सुमारे नव्वद पाळीव मांजरं सापडली. तसंच खाणं खाणारे कुत्रे मात्र सुटले. त्यांच्या प्रथिनाची घडी सहज बिघडत नाही.

एडिंबरामध्ये मांजरांच्या मेंदूचा अंश उंदरांना टोचला. गाईचा रोग टोचलेल्या उंदरांत होती तीच मेंदूतल्या बिघाडाची ठेवण, रोग दिसेपर्यंतचा तोच कालावधी. तरीही हा रोग गाईकडून माणसालाही होऊ शकतो, ही सरकारी कबुली यायला २० मार्च १९९६ उजाडला. मॅड काऊच्या मानवी रूपानं ब्रिटनमध्ये पुढे पावणेदोनशेहून जास्त बळी घेतले.

आता नजर उत्तर अमेरिकेतल्या हरणांच्या प्रायॉन रोगावर आहे. प्रयोगशाळेत तो थेट मेंदूत टोचल्यावर काही मांजरांना झाला. त्यांच्याकडून पुढच्या मांजरांना टोचला, तेव्हा त्याहून लवकर झाला.