डाळीतलं पाणी: पुरण, कट, वाटली डाळ

[दृश्य: परातीत पसरलेली डाळ, अगदी जवळून]

हरभरा हे रब्बीचं पीक. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरणी होते, फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणी. लातूर आणि अकोल्याच्या डाळमिलांमधून नवी डाळ बाजारात यायला लागते, तोवर होळी आलेली असते. होळीला पुरण शिजतं त्यात हाही हिशेब आहे, कारण नवी डाळ लवकर आणि एकसारखी शिजते. उष्ण, दमट जागी वर्षभर पडून राहिलेली डाळ कितीही उकळली तरी आत कणी धरून बसते.

डाळ आधी नीट बघून घ्यायची. दाणा पिवळाधमक, एका बाजूनं सपाट, दुसऱ्या बाजूनं फुगीर आणि जरासा सुरकुतलेला हवा. मधेमधे फिकट, गुळगुळीत, वाटोळे दाणे दिसले तर ती वाटाण्याची डाळ मिसळलेली असते. दोन्हींचा शिजण्याचा वेळ सारखा नाही, आणि चवीतला फरक पुरणात लपत नाही.

[दृश्य: डाळ धुताना, मग पातेल्यात पाणी ओतताना]

वीसेक पोळ्यांसाठी अर्धा किलो डाळ घेऊ. तीन-चार पाण्यांनी धुवायची आणि कोमट पाण्यात दोन तास भिजवायची. मग दोन लिटर ताजं पाणी, पाव चमचा हळद, दोन चमचे तेल. एवढं पाणी आमटीच्या कटासाठी, म्हणजे शिजलेल्या डाळीतून निथळणाऱ्या पाण्यासाठी, लागतं. तेल फेसासाठी. ही डाळ उकळताना भरपूर फेसाळते, आणि कुकरच्या शिटीत फेस अडकला की वाफेची वाट बंद होते. म्हणून कुकर अर्ध्यापेक्षा जास्त भरायचा नाही. आधी झाकण न लावता एक उकळी आणून वरचा फेस काढून टाकला तर आणखी बरं.

पहिली शिटी झाली की आच मंद करून बारा ते पंधरा मिनिटं. उघड्या पातेल्यात याच कामाला तासभर लागतो.

गूळ, चिंच यातलं काहीही आत्ता घालायचं नाही. डाळीच्या पेशी पेक्टिननं जोडलेल्या असतात, ते पेक्टिन सैल झालं की डाळ मऊ पडते. आंबटपणा आणि गोडवा, दोन्ही त्याच्या आड येतात. बोअरच्या जड पाण्यानंही हेच होतं, त्यातलं कॅल्शियम पेक्टिनला घट्ट करतं. अशा गावात पुरणापुरतं तरी आरओ फिल्टरचं पाणी वापरावं. चिमूटभर सोडा घालून डाळ झटकन शिजते हे खरं, पण रंग मळतो आणि पुरणाला साबणासारखी चव येते. सणाच्या पुरणात सोडा नकोच.

[दृश्य: दोन बोटांत दाबलेला एक दाणा]

शिजली का, हे बोटांना विचारायचं. दाणा अंगठ्याखाली अलगद चपटा झाला पाहिजे, मध्ये पांढरी कणी राहता कामा नये. तरीही पातेल्यात दाणा दाण्यासारखा दिसायला हवा. पार लगदा झाला तर अर्धी डाळ कटाबरोबर वाहून जाते आणि उरलेली पाणी सोडत नाही.

आता ती चाळणीत निथळायची, किमान वीस मिनिटं. पोळी लाटताना फुटली की सगळे कणकेला बोल लावतात. निम्म्या वेळा चूक इथे, चाळणीत झालेली असते. घाईनं ओली डाळ गुळात गेली की ते पाणी आटवायला पुरण दुप्पट वेळ ढवळावं लागतं, गूळ करपायला लागतो, आणि कंटाळून जरा सैल असतानाच कढई उतरवली जाते.

[दृश्य: जाड बुडाची कढई, डाळीवर चिरलेला गूळ]

गूळ डाळीच्या वजनाइतका, म्हणजे अर्धा किलो, बारीक चिरून. बेताचं गोड आवडत असेल तर चारशे ग्रॅम पुरे. साधा पिवळा गूळ घ्यावा. चिक्कीचा गूळ कडक पाकावर जातो, त्याचं पुरण थंड झालं की चिवट होतं.

गूळ वितळला की कढईतलं सगळं एकदम पातळ होतं. बिघडलं की काय असं वाटायची हीच जागा, पण घाबरायचं कारण नाही. मध्यम आचेवर ढवळत राहायचं. आधी बुडबुडे भराभर आणि लहान येतात. मग ते मोठे, जड होतात आणि फुटताना पुरणाचे चटके हातावर उडतात. लांब दांड्याचा उलथना घ्यावा तो यासाठी. पंधरा-वीस मिनिटांत पुरण कढईच्या कडा सोडायला लागतं. मध्ये उभा केलेला उलथना न कलंडता उभा राहिला की आच बंद. याच्या पुढे नेऊ नये. गार होताना पुरण आणखी आळतं, आणि फार आटलेलं पुरण पोळीत भुरभुरतं. वेलची, जायफळ आणि थोडी सुंठ आता घालायची. आधी घातली तर वास वाफेबरोबर उडून जातो.

लगेच पुरणयंत्रात, गरम असतानाच. गार पुरण जाळीतून उतरत नाही, दांडा फिरवून खांदा भरून येतो. पाट्यावर वाटलेलं पुरण सगळ्यात तलम, पण पाटा आता किती घरांत राहिलाय? मिक्सर वापरायचा तर गूळ घालायच्या आधी निथळलेली डाळ वाटून घ्यावी. एकही अख्खा दाणा राहिला तर लाटताना पोळी नेमकी तिथेच फुटते.

[दृश्य: कणीक तिंबताना हात]

चारशे ग्रॅम पीठ. त्यात पाव हिस्सा मैदा चालतो, जुन्या पद्धतीनं कणीक वस्त्रगाळ केली तर मैद्याचीही गरज नाही. मीठ, चिमूट हळद, आणि नेहमीच्या पोळीपेक्षा बरीच सैल भिजवायची. अर्धा तास झाकून ठेवायची, मग पाव वाटी तेल थोडं थोडं घेत दहा मिनिटं तिंबायची. धरून वर उचलली की न तुटता लांब लोंबली पाहिजे. पुढे निदान दोन तास मुरू द्यायची.

कणकेचा गोळा लिंबाएवढा, पुरणाचा त्याच्या दुप्पट. दोन्हींचा मऊपणा सारखा हवा. पुरण घट्ट आणि कणीक सैल असेल तर कणीक पुढे सरकते, पुरण मध्येच बसून राहतं आणि कडा रिकाम्या राहतात. उलट झालं तर पुरण कणीक फाडून बाहेर येतं. पिठीला तांदळाचं पीठ घ्यावं, ते चिकटत नाही. लाटणं हलक्या हातानं, मधून कडेकडे. तवा मध्यम तापलेला, आणि खालची बाजू नीट भाजल्याशिवाय पोळी उलटायची नाही.

खानदेशात याच पुरणाचे मांडे होतात, पालथ्या मातीच्या खापरावर. पोळपाट-लाटणं बाजूला राहतं, पोळी दोन्ही हातांवर झेलत, फिरवत वाढवली जाते. विदर्भातली पोळी जाड, पुरणानं गच्च भरलेली, आणि तिच्यावर तूप मोजून वाढत नाहीत.

[दृश्य: बाजूला ठेवलेला कट]

कट आत्तापर्यंत नुसता ठेवल्या ठेवल्या दाट झालेला असतो, त्यात डाळीचं पिठूळ सत्त्व उतरलेलं असतं. लिटरभर कटाला दोन डाव वाटलेलं पुरण, लिंबाएवढ्या चिंचेचा कोळ, दोन चमचे गोडा मसाला, भाजून वाटलेलं सुकं खोबरं आणि जिरं. तेलात मोहरी, हिंग, कढीपत्ता, लाल मिरची. मग दहा मिनिटं उकळू द्यायची. ही आमटी पातळच हवी, चमच्याला चिकटली तर पाणी कमी पडलं. पश्चिम महाराष्ट्रात तिला येळवणी म्हणतात आणि तिथे कांदा-लसणाच्या मसाल्याचा झटका असतो.

[दृश्य: मिक्सरच्या भांड्यात भिजलेली डाळ]

अनंत चतुर्दशीला विसर्जनाच्या प्रसादाला वाटली डाळ. इथे डाळ उकळायची नाही. वाटीभर डाळ चार-पाच तास भिजवून पूर्ण निथळायची आणि हिरवी मिरची, जिरं घालून, पाण्याचा थेंबही न घालता, थांबून थांबून भरड वाटायची. बारीक झाली की कढईत गोळा होतो, मग कितीही परता, मोकळी होत नाही. पाव वाटी तेल लागतं, त्यात काटकसर केली तर डाळीचा ठसका लागतो. हिंग-मोहरीच्या फोडणीत मंद आचेवर परतायची, दोन-तीनदा झाकण ठेवून वाफ आणायची, कोरडी वाटली तर पाण्याचा हबका. वीस मिनिटांत कच्चा वास जातो. मीठ, साखर, लिंबू, ओलं खोबरं आणि कोथिंबीर शेवटी.

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाची आंबेडाळ तर कच्चीच. तशीच भिजवलेली, तशीच भरड वाटलेली वाटीभर डाळ, अर्धी वाटी किसलेली कैरी, मीठ, थोडी साखर, ओलं खोबरं. वर हिंग, मोहरी, सुक्या मिरचीची फोडणी, जरा निवल्यावर. हिंग इथे सढळ हातानं, कच्ची डाळ पोटाला जड असते. चैत्रातल्या उन्हात डाळ रात्रभर ओट्यावर भिजत ठेवली तर सकाळी फसफसते. सकाळी भिजवावी, दुपारी वाटावी आणि संध्याकाळपर्यंत संपवावी.

[दृश्य: वाफेच्या भांड्यात मांडलेली दिंडं]

नागपंचमीला अनेक घरांत तवा चढत नाही. चिरणं, तळणंही बंद. तेव्हा पुरण वाफेवर जातं. नेहमीच्या पोळीइतकी घट्ट कणीक, पुरीएवढी लाटलेली, मध्ये चमचाभर पुरण, चारी बाजूंनी दुमडून चौकोन, हेच दिंड. मोदकपात्राच्या चाळणीला तुपाचा हात, दिंडाला दिंड लागणार नाही असं मांडायचं, बारा मिनिटं वाफ. हाताला चिकटेनासं झालं की दिंड शिजलं. गरम असतानाच फोडून वर तूप.